दोन नाही

मी तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवते.
या वाक्याला हसलेला पहिला माणूस
हेमराज नंदनवार, रेल्वेत की-मॅन,
गड्डीगोदामच्या पुलाखाली, उभ्यानं चहा पिताना.
"म्हंजे घंटा वाजली का तत्त्व खतम?"
हो, म्हटलं. आणि पगार दिवाळीनंतर.

त्याला आता सात उन्हाळे झाले.

वर्गात बारा मुलं असतात, त्यातली पाच पंख्याखाली.
त्यांना सांगते, प्रेमाबद्दल दोन मतं आहेत:
एक म्हणतं, आधी गुण दिसतात, मग प्रेम;
दुसरं म्हणतं, आधी प्रेम, गुण मागाहून चिकटतात.
परीक्षेत पाच मार्कांना येतं.
मागच्या बाकावरची शबिस्ता विचारते,
मॅडम, गुण गेले तर?
आणि तेच गुण घेऊन दुसरं कुणी आलं,
थोडं जास्तच चांगलं, तर?
घंटा वाजते.

संध्याकाळी तो प्रश्न मी हेमराजच्या हातात दिला,
डबा द्यावा तसा.
तो पाना पुसत होता.
"तुयासारखी दुसरी भेटन तं भेटन.
पण तिले कुठं माहीत राहीन
का मी पोह्यावर तर्री काहून नाई घेत."

मला माहीत आहे.
इथे लिहिणार नाही.

एकदा त्यानं मला डायमंड क्रॉसिंग दाखवलं,
लांबून, कुंपणाच्या अलीकडून; नियम म्हणजे नियम.
दिल्लीची लाईन चेन्नईकडे, मुंबईची हावड्याकडे,
आणि मधोमध लोखंडाची ती फुली.
मी घरूनच उपमा आणली होती,
खायचा नव्हे, बोलायची:
दोन वाटांचं मीलन वगैरे.
"मिळत नाईत त्या," तो म्हणाला.
"इथं कोणीच कोणाकडं वळत नाई.
हा याच्या वाटेनं, तो त्याच्या.
फक्त आरपार जाऊ देतात.
त्याच्यासाठी दोघायले कापलं आहे, पाय, दोन बोटं.
नाई कापलं तं चाक वर चढते."
तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली.
अठ्ठावन्न डबे, आणि फटीवरून जाताना
एकेक चाक ओरडलं.
मी कानांवर हात ठेवले.
तो मान तिरकी करून ऐकत राहिला,
आई बाळाचा खोकला ऐकते तसा.
"ओरडते तोवर बरं आहे," म्हणाला.

अद्वैत शिकवताना हल्ली मी
फळ्यावर शब्द फोडून लिहिते.
हा शब्द 'एक' म्हणत नाही, मुलांनो.
दोन नाही, एवढंच म्हणतो.
मग एक आणि दोनच्या मध्ये जागा किती,
ते त्यानं सांगितलेलं नाही.
तिथे राहायला जावं लागतं.
भाडं असतं.
(त्याची आई मला अजूनही मॅडमच म्हणते.)

मे महिन्यात आम्ही भांडलो. कशावरून, आठवत नाही;
सेहेचाळीस डिग्री होतं, तेवढं आठवतं.
मी ताडकन उठून खिडकी लावून घेतली.
कूलर चालू, खिडकी बंद:
तासाभरात चादर अंगाला चिकटायला लागली,
पापड सादळला, माझा हट्टही.
हवेला आत यायचं तर जायलाही वाट लागते
हे नागपुरात शेंबडं पोरही सांगेल.
तो काही बोलला नाही.
उठला, चार बोटं खिडकी उघडली,
आणि माझ्याकडे पाठ करून झोपला.
ती पाठ रागातच होती.
खिडकी नव्हती.

आज त्याला रात्रीची गस्त आहे.
दोन वाजले, अजून एकही गाडी नाही.
ब्लॉक असेल. ड्युटीवर तो फोन उचलत नाही.
मी उत्तरपत्रिका काढून बसले आहे,
पण शबिस्ताचंच उत्तर लिहिते आहे, माझ्या अक्षरात:
गुण जातात. माणूसही थोडा थोडा जातो.
उरतं ते,
खोडलं.
उरत काही नाही, रोज नव्यानं,
खोडलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
मोहननगरच्या बाजूनं लांबवर
ओरडली एक मालगाडी.

उत्तर अर्धवट आहे.
पाचपैकी तीन तरी द्यावेत.